तुलनात्मक लेखन : दोन कॅमेऱ्यांचे उदाहरण

तुलनात्मक लेखनात निकष आधी ठरवावा लागतो. निर्णय त्यानंतर येतो. कॅनन ईओएस १५००डी आणि निकॉन डी३५०० हे २०१८ साली नवशिक्यांसाठी बाजारात आलेले दोन डीएसएलआर कॅमेरे उदाहरणादाखल घेऊ.

दोन्हींची क्षमता अनुक्रमे २४.१ व २४.२ मेगापिक्सेल आहे. जाहिरातीत ठळकपणे छापला जाणारा हा आकडा येथे उपयोगाचा नाही. कारण जे जवळजवळ समान आहे, त्यावरून निवड करता येत नाही. खरा भेद अन्यत्र आहे. निकॉन सेकंदाला ५ छायाचित्रे टिपतो, तर कॅनन ३. प्रमाणित चाचणीनुसार निकॉनची बॅटरी एकदा चार्ज केल्यावर सुमारे १५५० छायाचित्रांना पुरते, कॅननची ५०० छायाचित्रांना. याउलट कॅननमध्ये वाय-फाय आहे, निकॉनमध्ये केवळ ब्लूटूथ. शिवाय निकॉनमध्ये अंतर्गत फोकस मोटर नसल्याने जुन्या एएफ-डी लेन्स त्यावर आपोआप फोकस होत नाहीत.

दिवसभर लग्नसमारंभ टिपून चार पैसे मिळवू पाहणाऱ्यास बॅटरी महत्त्वाची. छायाचित्रे तातडीने मोबाइलवर घेऊन धाडणाऱ्या वार्ताहरास वाय-फाय. म्हणून ‘चांगला’ हे विशेषण सापेक्ष आहे. ‘कोणासाठी?’ या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज ते वापरू नये. अन्यथा लेखकाचे केवळ वाक्य चुकते. वाचकाची मात्र वर्षभराची बचत चुकीच्या ठिकाणी खर्च होते.

स्वाध्याय : आपल्या गरजेचा एक निकष ठरवून वरीलपैकी एका कॅमेऱ्याची निवड पाच वाक्यांत समर्थनासह मांडा.