अंगठा लागत नाही

‘अंगठा लागत नाही’ म्हणून फोन काउंटरवर आला, की मी आधी गिऱ्हाइकाचा हात मागतो. लोक चमकतात. सांगलीत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ज्योतिषाचं नाही. पण हा बिघाड बहुतेक वेळा फोनच्या पोटात नसतो. तो बोटावर असतो, काचेवर असतो, नाहीतर पहिल्या दिवशी घाईत केलेल्या नोंदणीत असतो.

नोंदणी कशी होते बघा. नवा फोन घेतला की दुकानातला पोरगा म्हणतो, “काका, अंगठा ठेवा. उचला. ठेवा.” काका खुर्चीत बसून, फोन काउंटरवर आडवा ठेवून, अंगठ्याचा मधला भाग सरळ टेकवतात. घरी गेल्यावर मात्र फोन एका हातात असतो, दुसऱ्या हातात पिशवी असते, आणि अंगठा तिरका, कडेनं, शेंड्यावर पडतो. फोनचा सेन्सर एवढासा असतो. त्याला अंगठ्याचा एक तुकडाच दिसतो आणि तो तुकडा साठवलेल्या ठशाशी जुळतो का, एवढंच तो बघतो. कडेचा भाग कधी दाखवलाच नसेल तर तो ओळखणार कसा? त्यात कहर म्हणजे नोंदणी झाल्यावर वरून टेम्पर्ड ग्लास चिकटवतात. उघड्या स्क्रीनवर शिकलेला फोन मग काचेपलीकडचं बोट चाचपडत राहतो.

म्हणून माझा पहिला इलाज फुकटचा. जुने ठसे काढून टाका, काच पुसा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि फोन रोज धरता तसाच धरून पुन्हा नोंदणी करा. शेंडा, दोन्ही कडा, थोडं तिरकं, सगळं दाखवा. होम बटणात ठसा घेणाऱ्या, म्हणजे टच आयडीच्या आयफोनमध्ये पाच ठसे ठेवता येतात. बऱ्याच फोनमध्ये तोच अंगठा दोनदा नोंदवता येतो आणि त्यानं चांगला फरक पडतो. काही फोन तेच बोट दुसऱ्यांदा घेत नाहीत. तिथं दुसऱ्या हाताचा अंगठा द्या. हे करण्याआधी पिन आणि बँकेच्या ॲपचा पासवर्ड मात्र आठवून ठेवा. ठसे बदलले की बँकेचं ॲप बहुधा नव्यानं ओळख मागतं, आणि मग माणूस आमच्यावर डाफरतो.

आता बोटाकडे. हल्ली बऱ्याच फोनमध्ये सेन्सर स्क्रीनखाली असतो आणि तो प्रकाशावर चालतो. बोट टेकवलं की तेवढीच जागा लख्ख उजळते. तो उजेड बोटावर आपटून परततो आणि खालचा सेन्सर त्याचं चित्र टिपतो. बोट कोरडं असलं की त्वचेचे उंचवटे काचेला नीट चिकटत नाहीत आणि चित्र पुसट येतं. थंडीत तक्रारी वाढतात त्या यामुळं. बोट कपाळावरून एकदा फिरवून बघा, तेवढा तेलकटपणा पुरतो. बाजूच्या बटणातला किंवा मागचा सेन्सर विजेच्या भारातला फरक मोजतो. त्याला ओलं बोट चालत नाही. भांडी घासता घासता फोन उघडू पाहणाऱ्या काकूंचं भांडण या सेन्सरशी असतं. बटणाच्या खाचेत साचलेला मळ कोरड्या मऊ फडक्यानं काढला तरी पुष्कळदा काम होतं.

तिसरा प्रकार ध्वनिलहरींचा, महागड्या फोनमधला. त्याला काच आणि स्क्रीनमधली हवेची पोकळी नडते. २०१९ साली सॅमसंग गॅलेक्सी एस१० मध्ये हा सेन्सर आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रिटनमधल्या एका बाईंच्या लक्षात आलं, की स्वस्तातलं जेलचं कव्हर लावल्यावर फोन कुणाच्याही बोटानं उघडतोय. सेन्सरनं कव्हरच्या आतली नक्षीच ठसा म्हणून धरली होती. कंपनीनं चूक मान्य केली आणि सॉफ्टवेअर सुधारलं. काचेवर पन्नास रुपये वाचवू पाहणाऱ्याला मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

डिस्प्ले बदलल्यावर अंगठा बंद पडला असेल, तर मात्र दोष दुरुस्तीत शोधा. मूळ ओएलईडी पडद्यातून उजेड आरपार जातो. त्याजागी स्वस्त एलसीडीचा कॉपी कॉम्बो बसवला, की त्याच्या मागच्या थरातून काही जात नाही, आणि स्क्रीनखालचा सेन्सर आंधळा होतो. मग अंगठा तुम्ही कितीही वेळा नोंदवा. जुन्या आयफोनचं होम बटण तर त्याच्या बोर्डाशी जोडी जमवून येतं. दुसरं बटण बसवलं की टच आयडी गेलाच. २०१६ मध्ये असे दुरुस्त केलेले फोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवत ठप्प झाले होते. ॲपलनं नंतर ते चालू करून दिले, टच आयडी तेवढा परत आला नाही.

बंद करून चालू केल्यावर फोन अंगठा सोडून पिन मागतो, तो मात्र बिघाड नव्हे. आयफोन ४८ तास उघडला नाही तरी पासकोड मागतो. अँड्रॉइडही साधारण ७२ तासांनी एकदा पिन मागून घेतो. आणि रेशन दुकानात आधारचा अंगठा लागला नाही म्हणून फोनही घेणार नाही, असं समजू नका. तिथलं यंत्र वेगळं आणि ठसा जुळतो तो दूरच्या सर्व्हरवर. फोनमधला ठसा फोनमध्येच कुलूपबंद राहतो.

गवंडीकाम करणाऱ्या मामांचं प्रकरण अवघड. सिमेंट बोटाच्या रेषा खाऊन टाकतं. नक्षीचं मूळ आतल्या थरात असल्यानं काम थांबलं की काही आठवड्यांत ती पुन्हा उमटते, पण काम थांबवणार कोण? त्यांना मी डाव्या हाताचं अनामिका बोट द्यायला सांगतो, ते त्यातल्या त्यात कमी झिजलेलं असतं. तेही चाललं नाही तर सरळ सहा आकडी पिन ठेवा म्हणतो. फक्त जन्मतारीख नको. ती माझ्या दुकानातल्या पोरालाही पहिल्या फटक्यात सुचते.