टाच आणि भरतीचं ग्राउंड
लेखमाला : धावणाऱ्यांचे पाय – भाग सहावा

मागच्या भागात आपण पोटरीपाशी थांबलो होतो. आज तळपायात उतरू. वैराग भागात पळणारी मुलं ज्या दुखण्याने मेटाकुटीला येतात ते टाचेचं आहे, आणि त्यावरचे सल्ले त्या दुखण्याहून जास्त नुकसान करताना दिसतात.

पहाटे बार्शी-सोलापूर रस्त्याच्या कडेने पळणारी बरीच मुलंमुली पोलीस भरतीची तयारी करत असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका धावेला. जाहिरात निघाली की तयारीला जोर येतो. कालपर्यंत बसून अभ्यास करणारा मुलगा एका आठवड्यात रोजचे पाच-सहा किलोमीटर गाठतो. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल होतो, म्हणून सगळा सराव डांबरीवर येतो. बुटाचा तळवा झिजलेला असतो, पण भरती होईपर्यंत नवा बूट घ्यायचा नाही असं घरात ठरलेलं असतं.

मग एका सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकताच टाचेखाली, आतल्या बाजूला, जीवघेणी कळ येते. दहा-वीस पावलांत ती ओसरते. ग्राउंडवर पहिल्या राउंडला दुखतं, अंग तापलं की विसरायला होतं. दुपारी बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तीच कळ. ‘पळताना तर दुखत नाही’ या समजुतीवर मुलं महिनोन्महिने पळत राहतात.

टाचेच्या हाडाच्या आतल्या कडेपासून निघून बोटांच्या मुळांपर्यंत गेलेला एक जाड, चिवट पट्टा तळपायात असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पाऊल सोडताना बोटं वर वळतात, तेव्हा रहाटावर दोर गुंडाळावा तसा हा पट्टा ताणला जातो, कमान उचलली जाते आणि पाय जमिनीला रेटा द्यायला घट्ट होतो. हिक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये ही रचना मांडली. पळताना दर पावलाला हे घडतं. पोटरी आखडलेली असेल आणि घोटा नीट वाकत नसेल, तर पट्ट्यावरचा ताण आणखी वाढतो.

दुखणं जुनं झालं की त्या पट्ट्यात सुजेपेक्षा झीज जास्त आढळते. म्हणून गोळीने कळ दबते, पण पट्टा सावरत नाही. एक्स-रेत ‘हाड वाढलंय’ असं दिसलं की घरचे धास्तावतात. तसं वाढलेलं हाड कधीच टाच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही सापडतं, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नये.

पट्ट्याला पुन्हा ताकद हवी असेल तर त्याच्यावर बेताने भार टाकावा लागतो. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर आहे, कारण नुसत्या विश्रांतीने बरी वाटलेली टाच पहिल्याच जोरदार सरावात परत धरते. डेन्मार्कमध्ये ४८ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा टाच उचलण्याचा जड व्यायाम करणारे तीन महिन्यांनी स्पष्टपणे बरे होते. व्यायाम घरच्या पायरीवर होतो. टॉवेलची गुंडाळी करून बोटांखाली ठेवा, म्हणजे बोटं वर वळलेली राहतील. चवडा पायरीवर, टाच हवेत, हात भिंतीला. एका पायावर तीन सेकंदांत वर जा, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली या. बारा वेळा जेमतेम जमेल इतका भार ठेवा आणि असे तीन फेरे करा. एक दिवस सोडून एक दिवस. दोन आठवड्यांनी पाठीवर दप्तर घ्या, त्यात भरतीचीच जाडजूड पुस्तकं भरा. फेरे चार करा, उचलणं दहावर आणा. सुरुवातीला एका पायावर जमत नसेल तर दोन्ही पायांवर करावं, त्यात कमीपणा नाही.

सकाळी जमिनीवर पाय टेकवण्याआधी, पाय मांडीवर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा सेकंद धरा, दहा वेळा. पहिल्या पावलाची कळ त्याने बरीच हलकी होते.

रुईचं पान लावून तापल्या विटेवर टाच शेकायची आपल्याकडची रीत आहे. उबेने बरं वाटतं, पण कातडी भाजलेली पाहिली आहे, आणि पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही आजी-आजोबांनी ती करूच नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल मी जास्त कठोर आहे. त्याने काही आठवडे आराम पडतो, पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा धोका असतो. चाचणीच्या तोंडावर इंजेक्शन घेऊन जिवाच्या आकांताने पळणं म्हणजे हा धोका अंगावर ओढवून घेणं.

पळणं पूर्ण बंद करायची गरज बहुतेकांना नसते. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालवून घ्यावं, मात्र दुसऱ्या सकाळची कळ वाढलेली असेल तर अंतर कमी करावं. वेगाचे राउंड आणि चढ सर्वांत शेवटी सुरू करावेत. मधल्या काळात दम टिकवायला सायकल आहे, विहीर आहे. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरी होते. वर्ष हा शब्द भरतीच्या मुलाला ऐकवत नाही, हे मला कळतं. म्हणूनच पायरीवरचा व्यायाम जाहिरातीची वाट न पाहता, टाच दुखायच्या आधीच सुरू करावा असं मी प्रत्येकाला सांगतो.

काही टाचा मात्र या व्यायामाच्या नाहीत. दोन्ही बाजूंनी टाच दाबली की कळ येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. तळव्याला मुंग्या किंवा आग होत असेल तर नस दबलेली असू शकते. विशीतल्या मुलाच्या दोन्ही टाचा दुखत असतील आणि पहाटे कंबरही तासभर आखडत असेल, तर संधिवाताची तपासणी आधी करून घ्यावी. अशांनी ग्राउंड थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवावं.

पुढच्या भागात बूट : किती झिजल्यावर बदलायचा आणि कमी पैशात काय पाहून घ्यायचा.