फोटोच्या कामासाठी परवडणारा मॉनिटर

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी विद्यार्थी आज लग्नकार्याचे फोटो काढणे, जुने फोटो स्कॅन करून दुरुस्त करणे अशी कामे करून शिक्षणाचा खर्च भागवितात. कॅमेरा घेताना दहा ठिकाणी चौकशी होते. मॉनिटर मात्र दुकानदार देईल तो घरी येतो. वास्तविक रंग बरोबर की चूक हा निर्णय आपण मॉनिटरकडे पाहूनच घेत असतो.

प्रथम पॅनेलचा प्रकार विचारावा. बाजारात टी.एन., व्ही.ए. आणि आय.पी.एस. असे तीन मुख्य प्रकार आढळतात. टी.एन. स्वस्त खरे, पण मान जरा वरखाली केली की त्यातला रंग बदलतो. आय.पी.एस. पॅनेल हिताची या जपानी कंपनीने १९९६ साली पुढे आणले. त्यात द्रव स्फटिक काचेच्या पातळीतच फिरतात, त्यामुळे बाजूने पाहिले तरी रंग फारसा ढळत नाही. फोटोच्या कामासाठी हेच घ्यावे. २४ इंची आय.पी.एस. मॉनिटर आता दहा हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो.

दुसरी गोष्ट रंगांच्या व्याप्तीची. एस.आर.जी.बी. हे मानक एच.पी. आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडले व १९९९ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. माहितीपत्रकावर त्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक असावे. काही पत्रकांवर एन.टी.एस.सी.चा आकडा असतो. ७२ टक्के एन.टी.एस.सी. म्हणजे साधारण पूर्ण एस.आर.जी.बी. समजावे. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर हा आकडा ४५ असतो. त्यावर लाल रंग विटकरी दिसतो आणि पोरगा बिचारा तो वाढवीत बसतो! अशा लॅपटॉपला एच.डी.एम.आय. केबलने वेगळा मॉनिटर जोडता येतो, नवा संगणक घेण्याची गरज नाही.

आकाराबाबत एवढेच, की १९२० बाय १०८० चा पडदा २४ इंचांपर्यंत ठीक. २७ इंच हवा असेल तर २५६० बाय १४४० घ्यावा, नाहीतर ठिपके मोठे दिसतात. १४४ हर्ट्झ हा खेळ खेळणाऱ्यांचा विषय आहे, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. ‘दहा लाखास एक’ असा डायनॅमिक कॉन्ट्रास्टचा आकडा तर निव्वळ जाहिरात समजावी.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर स्वतःचा एक फोटो न्यावा व त्याची चांगली छापील प्रतही न्यावी. फोटो असा निवडावा की त्यात सावळा चेहरा आणि पांढरे लुगडे दोन्ही असावीत. लुगड्याच्या चुण्या दिसतात का आणि गालाखालची, डोळ्यांभोवतालची सावली वेगळी ओळखू येते का, हे पाहावे. याचे कारण साधे आहे. ज्या मॉनिटरवर गडद छटा एकमेकींत मिसळतात, त्यावर सावळा चेहरा काळा डाग दिसतो. काम करणारा तो उजळवतो आणि छापून आल्यावर आजोबा भलतेच गोरे निघतात. काही घरांत त्याचा आनंदही होतो म्हणा, पण तो चेहरा आजोबांचा राहत नाही. गेलेल्या माणसाचा एकच फोटो घरात असेल तर हे नुकसान लहान नव्हे.

याच्या उलटही घडते. नवा मॉनिटर घरी येतो तेव्हा त्याची प्रखरता बहुधा फार जास्त ठेवलेली असते. त्या झगमगाटात फोटो उजळ वाटतो आणि छापल्यावर काळपट येतो. छपाईच्या कामासाठी प्रखरता ८० ते १२० कॅन्डेलापर्यंत उतरवितात. मोजायचे यंत्र नसेल तर पडद्यावरचा पांढरा भाग शेजारी धरलेल्या, दिव्याच्या उजेडातल्या कोऱ्या कागदाइतकाच पांढरा दिसेपर्यंत प्रखरता कमी करावी. रंगतापमान ६५०० केल्विन ठेवावे. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय काम करताना बंद असावी.

रंग मोजून मॉनिटर जुळवून देणारे कॅलिब्रेटर हे छोटे यंत्र महाग असते, पण ते महिना-दोन महिन्यांतून एकदाच लागते. तेव्हा एकट्याने न घेता चार-पाच जणांनी वर्गणी काढून एक घ्यावे व आळीपाळीने वापरावे.