जुन्या मशीनचा खरा आकडा: ईएसपी३२ जोडण्याआधी एवढं समजून घ्या



एमआयडीसीतल्या छोट्या गाळ्यांमध्ये पंधरा-वीस वर्षं जुनी प्लास्टिक मोल्डिंग मशीनं आजही छान चालतात. पण आज किती शॉट पडले, मशीन मधे किती वेळ बंद होतं, असं विचारलं की मालक वही पुढे करतो. त्यात ऑपरेटरने शिफ्ट संपताना अंदाजाने टाकलेला आकडा असतो. अशा मालकाला नवीन मशीन परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. त्याला हवा असतो खरा आकडा. तुम्ही इलेक्ट्रॉनिक्स नुकतंच शिकत असाल, तरी हे काम तुम्ही घेऊ शकता.

यासाठी ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड पुरतो. वाय-फाय त्यातच असतं, किंमत काही शे रुपये, आणि अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधूनच त्याचा प्रोग्राम लिहिता येतो. पण थांबा, लगेच वायर जोडू नका. त्या मशीनवर चार घरं चालतात. तुमच्या एका चुकीच्या वायरने ते बंद पडलं, तर तुमचं पहिलं गिऱ्हाईक हेच शेवटचं ठरेल. म्हणून एकच नियम पाठ करा: मशीनचं फक्त ऐकायचं, मशीनला काही सांगायचं नाही.

अडचण कुठे येते?

ईएसपी३२ ची पिन ३.३ व्होल्टची असते. जुन्या पॅनलमध्ये सिग्नल बहुतेक वेळा २४ व्होल्ट डीसी असतो, काही ठिकाणी ११० किंवा २३० व्होल्ट एसीसुद्धा. २४ व्होल्ट थेट पिनला लागले की बोर्ड गेलाच म्हणून समजा. वर दोन्हीकडचे ग्राउंड जोडलेले असतील, तर तुमच्याकडचा बिघाड मशीनपर्यंत पोचू शकतो.

यावर स्वस्त उपाय म्हणजे ऑप्टोकपलर. पीसी८१७ हा सहज मिळतो. त्याच्या आत एका बाजूला एलईडी आणि दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर असतो. मधे वायर नाही, फक्त प्रकाश. मशीनचा सिग्नल आला की एलईडी लागतो आणि पलीकडे ईएसपी३२ ला कळतं.

जोडणी अशी करा

१. आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज मोजा, एसी की डीसी तेही बघा. एसी निघालं तर ही जोडणी वापरू नका. ते काम जाणकाराकडे द्या.

२. प्रत्येक शॉटला एकदाच येणारा सिग्नल शोधा. उदाहरणार्थ, साचा बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा.

३. २४ व्होल्ट डीसीसाठी एलईडीच्या आधी ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा. करंट साधारण ५ मिलिअँपिअर राहतो, तेवढा पुरतो.

४. एलईडीला उलट्या दिशेने एक छोटा डायोड जोडा. सोलेनॉइड बंद होताना उलटा झटका येतो आणि पीसी८१७ चा एलईडी उलटे ६ व्होल्टच सहन करतो.

५. पलीकडे ट्रान्झिस्टरचा एमिटर ईएसपी३२ च्या ग्राउंडला आणि कलेक्टर पिनला जोडा. त्या पिनवरून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर द्या. आता सिग्नल आला की पिन खाली जाते, म्हणजे प्रोग्राममध्ये उलटं वाचायचं.

६. बोर्डला सप्लाय वेगळ्या मोबाइल चार्जरवरून द्या, मशीनच्या पॅनलमधून नको. बोर्ड लोखंडी पॅनलच्या बाहेर, प्लास्टिकच्या डबीत ठेवा. आत ठेवलात तर वाय-फाय मिळणार नाही.

रिलेचा कॉन्टॅक्ट लागताना थरथरतो, त्यामुळे एका शॉटचे तीन मोजले जाऊ शकतात. मशीनला एका शॉटला काही सेकंद लागतात. मग २०० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा सिग्नल प्रोग्राममध्ये सोडून द्या. आणि वाय-फाय गेलं तरी मोजणी चालू राहील असं लिहा. आकडा नंतर पाठवता येतो, हुकलेला शॉट परत मोजता येत नाही.

गिऱ्हाइकाशी बोलताना

"आयओटी सिस्टीम बसवतो" असं म्हणू नका. "शेठ, रोज किती शॉट पडले आणि मशीन किती मिनिटं थांबलं, हे संध्याकाळी मोबाइलवर दिसेल," असं सांगा. पॅनल त्यांच्याच वायरमनने, मेन स्विच बंद करून उघडावं. कोणत्या दोन टर्मिनलवर वायर लावली ते कागदावर लिहा, फोटो काढा आणि दोघांनी सही करा. उद्या मशीन दुसऱ्याच कारणाने बंद पडलं, तर हाच कागद तुमच्या कामाला येईल.

बसवल्यावर लगेच बिल देऊ नका. एक पूर्ण शिफ्ट स्वतः उभे राहून शॉट मोजा आणि तुमचा आकडा बोर्डच्या आकड्याशी ताडून बघा. दोन्ही जुळले की मगच बिल. त्यात सामान, बसवण्याची मजुरी आणि वर्षभराची देखभाल वेगवेगळी दाखवा. सामान फार महाग नसतं. शेठ पैसे मोजतो ते आकड्यावरच्या भरवशाचे.

पहिला प्रयोग गिऱ्हाइकाच्या मशीनवर करू नका. घरी २४ व्होल्टचा अडॅप्टर, एक रिले आणि एक पुश बटण घ्या. बटण हजार वेळा दाबा. आकडा बरोबर हजार आला, तरच गाळ्यात पाऊल टाका.