कच्चे छीछडे आणि ‘सोड’ची शिकवण

दारातला सोबती : भाग सहावा

गोवंडीत कुत्र्याच्या खाण्याचा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. शिवाजीनगर असो, बैंगनवाडी असो की लोटस कॉलनी, हाकेच्या अंतरावर मटणाचं नाहीतर चिकनचं दुकान असतंच. ओळखीचा दुकानदार रात्री दुकान आवरताना पिशवीभर छीछडे बाजूला काढून ठेवतो. चरबी, आतडी, फोपशाचे तुकडे, कोंबडीचे पंजे, कधी कलेजीचा कापून टाकलेला भाग. थोडक्या पैशांत, कधी फुकटही. घरी आल्यावर पिशवी तशीच कुत्र्यापुढे रिकामी होते, कुत्रा भांडं चाटूनपुसून साफ करतो आणि घरच्यांना बरं वाटतं.

मागच्या भागात आपण लसींबद्दल बोललो. आज या पिशवीबद्दल बोलू. कारण लस चुकवत नाहीत, कुत्र्याला अंगाखांद्यावर खेळवतात, अशा घरांतही ही एक गोष्ट राहून जाते. आणि तिची किंमत कुत्र्याला नाही, घरातल्या लहान मुलाला मोजावी लागू शकते.

शेळ्या-मेंढ्या, म्हशी, डुकरं यांच्या फोपशात आणि कलेजीत कधी कधी पाण्याने भरलेले पांढरट फुगे सापडतात. खाटीक ते ओळखतात. डॉक्टरी भाषेत याला हायडेटिड म्हणतात आणि तो एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीच्या पिल्लांचा कोष असतो. कुत्र्याने असा फुगा कच्चा खाल्ला, की आतली पिल्लं त्याच्या लहान आतड्याला चिकटतात आणि पाच-सात आठवड्यांत वाढून अंडी घालू लागतात. एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो कृमी असू शकतात. ही अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, शेपटीखालच्या केसांना, मग अंगाला, जिभेला लागतात. मूल कुत्र्याला कुशीत घेतं, हात न धुता पोळीचा तुकडा तोंडात टाकतं, आणि अंडं माणसाच्या पोटात जातं.

माणसाच्या शरीरात त्याचा पुन्हा फुगा होतो. बहुतेकदा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात. तो इतका सावकाश वाढतो, की पाच-दहा वर्षं काही कळतच नाही. मग कधीतरी उजव्या बरगडीखाली जडपणा येतो, खोकला सुटत नाही, किंवा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ दिसते. फुगा आतल्या आत फुटला तर जिवावर बेतणारी ॲलर्जी उसळू शकते. उपचार आहेत, महिनोन्‌महिने अल्बेंडाझोलच्या गोळ्या, सुईने फुगा रिकामा करणं, मोठी शस्त्रक्रिया. पण कुणाच्या लेकरावर ही वेळ येऊ नये.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हा आजार मटण खाल्ल्याने माणसाला होत नाही. फुगा माणसाच्या पोटात गेला तरी त्यातून कृमी होत नाही. मधे कुत्रा लागतो. म्हणूनच जन्मात मटणाला न शिवलेल्या माणसालाही हायडेटिड होऊ शकतो, कारण कुत्र्याची विष्ठा लागलेली कोथिंबीर नीट न धुता खाल्ली तरी अंडं पोटात जातं. तेव्हा दोष मटणाला, खाटकाला किंवा कुठल्याही समाजाच्या खाण्यापिण्याला देण्यात अर्थ नाही. साखळी तुटते ती एकाच जागी, कुत्र्याच्या भांड्यापाशी.

देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना १९७१ सालचा. तिथे जनावर कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यक तपासतात आणि सदोष अवयव बाद करतात. ही व्यवस्था माणसाच्या ताटासाठी आहे आणि ती महत्त्वाची आहे. पण कुत्र्यासाठी बांधलेली पिशवी कुणी तपासत नाही. गल्लीत कापलेलं बोकड, गावच्या जत्रेत नवसाला दिलेलं बोकड, गटारीला चार मित्रांनी मिळून आणलेलं बोकड, यांचं फोपसं कुणी उजेडात धरून पाहतं का? ते सरळ कुत्र्यापुढे पडतं. सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडून आलेली कितीतरी कुटुंबं गोवंडी-मानखुर्दमध्ये आहेत. गावी मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्याला फोपसं टाकायची रीत त्यांच्या पाहण्यातली आहे आणि तीच सवय शहरातही सोबत येते. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासकांनी कापल्या जाणाऱ्या जनावरांमधल्या या फुग्यांवर काम केलेलं आहे. म्हणजे हा परदेशी पुस्तकातला आजार नव्हे.

परदेशातली एक हकिगत मात्र सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलंड हा देश हायडेटिडने पोखरला होता. १८६३ साली हाराल्ड क्रॅबे हा डेन्मार्कचा अभ्यासक तिथे गेला. त्याने शंभर कुत्र्यांची आतडी तपासली, त्यांतल्या २८ कुत्र्यांत हा कृमी निघाला. पुढच्याच वर्षी लोकांच्या भाषेत एक छोटी पुस्तिका छापून ती फुकट वाटली गेली. कुत्र्याला कच्चे अवयव घालू नका, फुगे जाळा किंवा पुरा, कुत्र्याला हाताळल्यावर हात धुवा, एवढंच तिचं सांगणं. पुढे कायदे आले, कुत्र्यांना औषध देणं आलं आणि विसाव्या शतकात तो देश या रोगातून मुक्त झाला. त्या काळी आजच्यासारखी औषधं नव्हती. घराघरांत पोहोचलेली समज होती. माझा या लेखमालेवर विश्वास आहे तो अशाच उदाहरणांमुळे.

आता आपल्या घरात काय करायचं? कुत्र्याचं मांस बंद करा, असं मी म्हणणार नाही. नुसत्या दूध-चपातीवर किंवा पार्लेजीवर वाढवलेल्या कुत्र्याच्या अंगावर मांस चढत नाही, केस निस्तेज होतात. त्याला प्रथिनं हवीतच. छीछडे आणा, पण आधी बारीक कापा आणि भरपूर पाण्यात अर्धा-पाऊण तास खळखळून उकळा. नुसता चटका देऊन भागत नाही, मोठ्या तुकड्याचा गाभा कच्चा राहतो. फोपशात किंवा कलेजीत फुगा दिसला तर तो भाग शिजवूनही घालू नका. पिशवीत घट्ट बांधून, कुठलंही कुत्रं उकरणार नाही असा टाका. सुऱ्या, पाट आणि हात साबणाने धुवा. कोंबडीचे कच्चे पंजे आणि आतडीही उकळूनच द्या, कारण त्यांतून साल्मोनेला घरात येतो. शिजवलेली हाडं मात्र बाजूला काढा. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे अणकुचीदार तुकडे घशात आणि आतड्यात रुततात. आपल्या ताटातला रस्सा ओतायचा मोह होतो, पण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका तर अजिबात नकोत.

जंतांच्या औषधाबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ‘आमच्या कुत्र्याला जंत नाहीत, आम्ही रोज बघतो,’ असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. कधी कधी शेपटीखाली किंवा गादीवर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात. ते बहुधा पिसवांतून येणाऱ्या दुसऱ्याच पट्टकृमीचे असतात. एकायनोकॉकस अवघा दोन ते सात मिलिमीटर लांब असतो, त्याचा तुकडा डोळ्यांना दिसत नाही, आणि कुत्राही आजारी वाटत नाही. तो खातो, उड्या मारतो, शेपूट हलवतो. म्हणून पाहून ठरवायचं नाही, वेळापत्रकाने औषध द्यायचं. पिल्लाला दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांचं झाल्यावर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे निदान दर तीन महिन्यांनी. दुकानातून उचललेल्या प्रत्येक सिरपने हा पट्टकृमी मरतोच असं नाही. गोळीवर प्राझिक्वान्टेल हे नाव असायला हवं आणि मात्रा कुत्र्याच्या वजनावर ठरते. कच्चं मांस खाण्याची किंवा उकिरडा हुंगण्याची सवय असेल तर डॉक्टर ही गोळी दर सहा आठवड्यांनी देण्याचा सल्ला देतात. आणि हे नीट लक्षात घ्या : गोळी कृमीला मारते, त्याच्या अंड्यांना नाही. गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस विष्ठा उचलायला चुकू नका. एरवीही पिशवी खिशात असावीच. ज्या बोळात मुलं अनवाणी खेळतात, तिथे विष्ठा तशीच सोडणं हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे.

परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, ज्याला मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, हे या कामासाठी जुनं ठिकाण. गोवंडीहून जायचं तर रिक्षा शीवच्या पुढे जात नाही, तेव्हा टॅक्सीचाच विचार करा. नुसत्या गोळीसाठी तेवढं जायची गरज नाही. जवळच्या पशुवैद्यकाकडे वजन करून घेतलं तरी पुरे.

आता दुसरी बाजू. घरात तुम्ही सगळं उकळून घातलं आणि फिरायला नेलं तेव्हा कुत्र्याने रस्त्यावरचं काही उचललं, तर? देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर १९२७पासून शहराचा कचरा पडतो आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांत रस्त्याकडेला काय पडलेलं असेल याचा नेम नाही. म्हणून माझ्या मते गोवंडीतल्या कुत्र्याला ‘बस’ आणि ‘हात दे’च्याही आधी ‘सोड’ शिकवावं.

सुरुवात घरात करा. मुठीत बिस्किटाचा तुकडा घट्ट धरा आणि मूठ त्याच्या नाकापुढे न्या. तो चाटेल, हुंगेल, पंजा मारेल. तुम्ही ढिम्म राहा, ओरडू नका. तो कंटाळून क्षणभर मागे झाला, की लगेच ‘शाब्बास’ म्हणा आणि दुसऱ्या हातातला, अधिक चांगला तुकडा द्या. मुठीतला देऊ नका. थोड्या दिवसांत तो मूठ पाहताच मागे सरकू लागेल, तेव्हा ‘सोड’ हा शब्द जोडा. मग तुकडा जमिनीवर, हाताखाली झाकून, मग उघडा, मग पट्टा लावून त्याच्या बाजूने चालत जाणं, शेवटी रस्ता. एकदम रस्त्यावर परीक्षा घेतली तर तो नापास होणारच, आणि दोष आपला असेल. रोज पाच मिनिटं, दोनदा, भूक लागलेली असताना. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरा. आजी ‘सोड’ म्हणते, दादा ‘छोड’ म्हणतो आणि ताई ‘ड्रॉप’, तर बिचाऱ्याने कुणाचं ऐकायचं?

तोंडात काही गेलंच, तर जबडा उचकटू नका आणि मागे धावू नका. पाठलाग झाला की तो ते घाईने गिळतो, आणि पुढच्या वेळी हाडूक दिसताच पळ काढायला शिकतो. खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे ठेवा आणि अदलाबदल करा : ते टाक, हे घे. फारच हावरट कुत्र्याला जाळीचं मुसकं घाला. त्यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. तोंड आवळणारी कापडी पट्टी मुंबईच्या उकाड्यात घालू नका. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो.

भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरणारी कुत्रीही असतात, आणि मांस असलं की जास्तच. गुरगुरल्याबद्दल मारणं ही सगळ्यांत वाईट शिकवण. गुरगुर म्हणजे त्याची सूचना आहे; ती मारून बंद केली तर पुढच्या खेपेला तो सूचना न देता चावेल. जेवताना त्याला भिंतीकडेची शांत जागा द्या आणि मुलांना दूर ठेवा. मोठ्या माणसाने, तो गुरगुरत नाही इतक्या अंतरावरून जाता जाता एखादा चविष्ट तुकडा भांड्याकडे टाकावा आणि पुढे निघून जावं. माणूस जवळ आला की आपलं काही जात नाही, उलट मिळतं, हे त्याला कळायला दिवस लागतात, पण कळतं. चावण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर घरगुती प्रयोग थांबवून पशुवैद्यकाला दाखवा. जखम तर लगेच साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा. कुत्रा घरचाच आहे, लस दिलेला आहे, म्हणून ते टाळू नका.

पुढच्या भागात गोचीड आणि पावसाळा.