वाळवंटातील वसंत आणि निवृत्तांचे गाव

माणसाने आयुष्यभर काम केले, मुले वाढविली, त्यांना मार्गाला लावले आणि एके दिवशी कार्यालयातील सहकाऱ्यांचा निरोप घेऊन तो घरी आला. त्यानंतर काय? पूर्वीच्या काळी हा प्रश्न फारसा कुणाला पडत नसे. शेतकरी अंगात बळ असेपर्यंत शेतात जाई आणि कारागीर डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत हत्यार धरी. ठरावीक वयाला काम सोडायचे आणि पुढील वीस-पंचवीस वर्षे निवृत्तिवेतनावर काढायची, ही कल्पना यंत्रयुगाबरोबर आली. औषधोपचार सुधारले, आयुर्मान वाढले आणि ही वर्षे कशी घालवावीत हा एक सामाजिक प्रश्न होऊन बसला. अमेरिकेने या प्रश्नाला जी निरनिराळी उत्तरे दिली, त्यांपैकी एक म्हणजे केवळ निवृत्तांसाठी वसविलेली गावे. अशा एका गावातील वसंत ऋतूचे दिवस पाहिले, तर या उत्तराचे गुण आणि उणिवा दोन्ही ध्यानात येतात.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील अ‍ॅरिझोना राज्यात, फिनिक्स शहराच्या वायव्येस, सन सिटी नावाची वसाहत आहे. पूर्वी तेथे मॅरिनेट नावाचे लहानसे खेडे आणि कापसाची शेते होती. डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीने ही जमीन घेतली आणि १ जानेवारी १९६० रोजी नमुन्यादाखल बांधलेली पाच घरे लोकांना पाहण्यासाठी खुली केली. त्यांच्याबरोबरच गोल्फचे मैदान, करमणूक केंद्र आणि दुकानांची रांग आधीच बांधून तयार होती. म्हातारी माणसे मुलानातवंडांना सोडून वाळवंटात राहायला कशाला येतील, अशी शंका त्या काळी अनेक जाणत्यांनी बोलून दाखविली होती. प्रत्यक्षात पहिल्या तीन दिवसांतच सुमारे एक लाख लोक ही घरे पाहून गेले. २०२० साली या वसाहतीची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती. घरातील किमान एका व्यक्तीने वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण केलेली असावी आणि मुलांनी तेथे कायम वास्तव्य करू नये, असा तेथील नियम आहे. नातवंडे येतात ती पाहुणी म्हणून.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सन सिटीचा जन्म झाला त्याच सुमारास वार्धक्याविषयी विद्वानांमध्ये मोठा वाद चालू होता. १९६१ साली इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री या दोन अभ्यासकांनी असे प्रतिपादन केले, की वय वाढले म्हणजे माणूस समाजातून हळूहळू अंग काढून घेतो, समाजही त्याला मोकळे करतो आणि ही अलिप्तता दोघांच्याही सोयीची असते. आपल्याकडील वानप्रस्थाश्रमाची कल्पना वरवर पाहता याच्या जवळची वाटेल. परंतु वानप्रस्थात एक साधना अभिप्रेत होती, नुसते बाजूला सरणे नव्हे. रॉबर्ट हॅविगहर्स्ट आदी अभ्यासकांचे मत याउलट होते. ज्या वृद्धांना करण्यासारखे काही असते आणि भेटण्यासारखे कुणी असते, तेच अधिक समाधानी असतात, असे त्यांचे म्हणणे. सन सिटीची उभारणी या दुसऱ्या मतास अनुसरून झाली आहे, असे म्हणता येईल.

या गावाचा खरा हंगाम म्हणजे वसंत. फेब्रुवारी सरत आला की सोनोरा वाळवंटातील थंडी ओसरते. मार्चमध्ये दुपारचे तपमान साधारणतः पंचवीस अंश सेल्सिअसच्या आसपास असते. रस्त्यांच्या कडेची नारिंगाची झाडे फुलतात आणि त्यांचा सुगंध सकाळच्या हवेत भरून राहतो. मार्चच्या अखेरीपासून पालो व्हर्दे नावाचे हिरव्या सालीचे झाड पिवळ्याजर्द फुलांनी झाकून जाते. सूर्य वर येण्यापूर्वीच माणसे चालायला बाहेर पडतात. काही जण पोहण्याच्या तलावाकडे जातात, काही गोल्फच्या मैदानाकडे. रस्त्यावर मोटारींइतक्याच सहजपणे विजेवर चालणाऱ्या लहान गोल्फगाड्या फिरताना दिसतात. करमणूक केंद्रांतून सुतारकाम, मातीकाम, रत्नांना पैलू पाडणे, विणकाम, नृत्य, पत्ते, लॉन बाउलिंग अशा नाना उद्योगांसाठी शंभराहून अधिक मंडळे चालतात. १९७३ ते १९८५ या काळात एक व्यावसायिक बेसबॉल संघ वसंतातील सरावासाठी याच गावातील क्रीडांगणावर येत असे. तरुण खेळाडू आणि वृद्ध प्रेक्षक यांची ती वार्षिक भेटच ठरून गेली होती. काही रहिवासी तर सकाळी हातमोजे चढवून रस्त्यांच्या मधोमध असलेल्या पट्ट्यांतील झाडांची छाटणी करतात आणि पडलेली नारिंगे गोळा करतात. हे काम विनामूल्य असते.

या हालचालीने शरीराला नेमके काय मिळते? साधारणतः चाळिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते आणि साठीनंतर ही घट अधिक वेगाने होते. स्नायूंपेक्षाही त्यांची शक्ती अधिक लवकर कमी होते. कानाच्या आतील भागातील तोल सांभाळणारी यंत्रणा, दृष्टी आणि पायांच्या तळव्यांची संवेदना ही तिन्ही मंदावतात. त्यामुळे ज्या ठेचेने तरुण माणूस केवळ अडखळला असता, तीच वृद्धाला पाडते. अमेरिकेत पासष्टीच्या पुढील दर चार व्यक्तींपैकी एकीहून अधिक व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात. खुब्याचे हाड मोडले, तर पुष्कळदा पूर्वीसारखे स्वतंत्र जीवन परत मिळत नाही. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे टाळतो, चालणे टाळल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि दुबळेपणाने पडण्याचा संभव वाढतो. हे चक्र तोडणे हाच वृद्धांच्या व्यायामाचा मुख्य हेतू होय.

हे चक्र उतारवयातही तोडता येते, याचा पुरावा आहे. १९९० साली मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन येथील एका वृद्ध-शुश्रूषालयातील, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे वजने उचलण्याचा पद्धतशीर व्यायाम देण्यास प्रारंभ केला. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीच्या स्नायूंची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. प्रयोग लहान होता, तरी नव्वदाव्या वर्षीही स्नायू शिकवण विसरलेले नसतात, हे त्यातून स्पष्ट झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, पासष्टीच्या पुढील व्यक्तींनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि किमान तीन दिवस तोल व शक्ती वाढविणाऱ्या संमिश्र व्यायामांचा सराव करावा. अर्थात, ज्याला हृदयविकार, सांधेदुखी वा अन्य व्याधी असेल, त्याने वैद्याचा सल्ला घेऊन हळूहळू वाढ करावी. न झेपेल त्याने शक्य तेवढीच हालचाल करावी. काहीच न करण्यापेक्षा थोडे करणे केव्हाही हितकारक.

शरीराइतकेच मनाचेही आहे. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी एका शुश्रूषालयात केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक ठरेल. रहिवाशांच्या एका गटाला सांगण्यात आले, की आपल्या दिनक्रमाविषयीचे निर्णय तुम्ही स्वतः घ्यावयाचे आहेत. शिवाय प्रत्येकाला एक रोप निवडून घेऊन त्याची निगा राखण्यास सांगितले. दुसऱ्या गटालाही रोपे मिळाली, पण त्यांना पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे होते आणि तुमची सारी काळजी आम्ही घेऊ, असे त्यांना सांगण्यात आले. काही आठवड्यांनी पहिल्या गटातील माणसे अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिळूनमिसळून वागणारी आढळली. रोपे दोन्हीकडे होती. फरक होता तो जबाबदारीचा. वृद्धांची सेवा करताना त्यांच्या हातातील प्रत्येक काम काढून घेणारी प्रेमळ घरे आपल्याकडेही पुष्कळ आहेत. त्यांनी या प्रयोगाचा अवश्य विचार करावा.

वाळवंटातील वसंत मात्र अल्पायुषी असतो. मे महिन्यात दुपारचे तपमान पस्तीस अंशांच्या घरात जाते आणि जूनमध्ये चाळीस ओलांडते. वय वाढले की तहान उशिरा लागते, घाम कमी येतो, आणि रक्तदाबावरील काही औषधे शरीरातील पाणी व क्षार कमी करतात. म्हणून उष्म्याचा धोका वृद्धांना अधिक असतो. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स येथे सलग ३१ दिवस तपमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर होते. अशा दिवसांत वातानुकूलन यंत्र बंद पडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. तो जिवावरचा प्रसंग असतो. म्हणूनच तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पिणे, व्यायाम पहाटेच उरकणे आणि एकट्या राहणाऱ्या शेजाऱ्याची रोज चौकशी करणे, या सवयी वसंतातच लावून घ्याव्या लागतात. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकाला यात काही नवे वाटणार नाही. चैत्राच्या पालवीमागोमाग येणारा वैशाखवणवा त्याच्या ओळखीचा आहे.

एप्रिल उजाडला की या गावात निरोपांना सुरुवात होते. उत्तरेकडील हिमाच्छादित राज्यांतून आणि कॅनडातून हिवाळ्यापुरते येथे येणाऱ्यांना तेथे हिमपक्षी म्हणतात. हे लोक आपापल्या गावी परततात, नृत्याचे वर्ग ओस पडतात, पत्त्यांच्या डावात चौथा गडी मिळत नाही. जे मागे राहतात त्यांपैकी कित्येक जण एकटे असतात. जोडीदार गेलेला असतो, मुले दूरच्या राज्यांत असतात. दर हिवाळ्यात परतणाऱ्यांची मोजदाद होते आणि कुणीतरी परतलेले नसते. समवयस्कांच्या गावाचे हे अटळ दुःख आहे.

अशा वसाहतींवर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. येथे घर घेणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. दुसरे म्हणजे, वयाची भिंत उभारली की समाजाच्या सामायिक जबाबदाऱ्यांशी नाते तुटण्याचा धोका असतो. सन सिटीच्या रहिवाशांनी शाळांसाठी काढावयाच्या कर्जरोख्यांविरुद्ध वारंवार मतदान केले आणि अखेर १९७० च्या दशकात ही वसाहत शेजारच्या शालेय विभागातून वगळण्यात आली. आमची मुले केव्हाच शिकून गेली, हे त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. पण ज्या समाजाने आपल्या मुलांना शिकविले, त्याचे ऋण अशा हिशेबात बसत नाही.

तेव्हा या गावाकडून काय घ्यावे आणि काय सोडावे? वयाची भिंत घेण्याचे कारण नाही. भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीच्या पुढील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती आणि त्यांतील बहुसंख्य आपल्या कुटुंबातच राहतात. मात्र सकाळी बाहेर पडावेसे वाटेल असा सपाट व सावलीचा रस्ता, बसायला बाक, भेटण्याची ठरलेली जागा, हाताला काही काम आणि आपली वाट पाहणारे चार लोक, एवढ्या गोष्टी कोणत्याही नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला उभ्या करता येतील. त्यांना वाळवंटातील गोल्फच्या मैदानांइतका पैसा लागत नाही. वृद्ध माणसाला आणखी एक वसंत ऋतू मिळणे हे वैद्यकाचे यश असेल. पण त्या वसंतात त्याला सकाळी उठून कुठे जायचे आहे, हे ठरविणे मात्र त्याच्या आणि त्याच्या गावाच्या हाती आहे.