पहिला उपचार गावातच

गडचिरोलीतल्या डॉक्टरांच्या रिक्त जागा भरा, ही मागणी रास्तच आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि न्यूमोनिया झालेल्या तान्ह्या बाळाला पाणी ओसरेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून पहिला उपचार गावातच हवा. त्याचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत स्थानिक, बेताच्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, त्याला ऊब देत, श्वास मोजत आणि जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले.

अशा हातात सुई द्यायची का, हा आक्षेप शहरात बसून घेणे सोपे आहे; या गावांत पर्याय डॉक्टरचा नव्हताच, उपचाराविना राहण्याचा होता. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो: यामुळे डॉक्टर न नेमायला शासनाला निमित्त मिळेल. पण अडलेले बाळंतपण किंवा मेंदूचा मलेरिया आरोग्यदूत बाईच्या आवाक्याबाहेरचा. त्यासाठी १९७३पासून डॉक्टर आमटे दांपत्याने हेमलकशात चालवलेल्या दवाखान्यासारखे ठिकाण लागतेच. तिने वेळेत ओळखलेला रुग्ण घेणारे कुणी पुढे नसेल, तर तिची मेहनत वाया जाते.

याच धर्तीवर २०११पासून देशभर आशा सेविकांकडे नवजात बाळांच्या गृहभेटी आल्या. आशा मात्र सरकारदप्तरी अजूनही ‘स्वयंसेविका’च आहे.